सरलाने निवडलं नव्हतं

सरला डूख धरते. तिच्याविषयी बोलताना लोक नेमकं एवढंच गाळतात आणि सोशिक, धीराची, मोठ्या मनाची वगैरे सांगत बसतात, म्हणून मी सुरुवातच तिथून करते. डब्लिनजवळच्या ल्यूकनला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी शेजारच्या एका बाईने तिच्या फोडणीच्या वासाबद्दल लेखी तक्रार केली होती. सरला तोंडाने काही बोलली नाही. पण त्यानंतर सबंध उन्हाळा, वारा त्या बाईच्या खिडकीकडे वाहत असला की हिच्या तव्यावर मिरच्या. मी विचारलं, "अगं, किती दिवस चालणार हे?" तर म्हणाली, "ती सॉरी म्हणेपर्यंत, वहिनी." ऑगस्टात ती बाई खरंच दारात येऊन सॉरी म्हणाली, आणि सरलाने तिला वाटीभर ठेचा दिला.

मला ती वहिनी म्हणायची, कारण माझा नवरा हेमचंद्र हा डब्लिनमधल्या झाडून सगळ्या मराठी पोरांचा दादा होता. तिथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, आणि एका अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. या गोष्टीतला वाईट माणूस तोच. दुसरी वाईट मी. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाला शोधत बसायला नको.

सरला सांगलीची, गणिताची मास्तरीण. २००१ साली नवऱ्याच्या, गोविंदच्या मागोमाग आली, तेव्हा तिच्या पासपोर्टवर नोकरी करता येणार नाही असा शिक्का बसला. मग ती शनिवारी सकाळी स्वतःच्या बैठकीच्या खोलीत मंडळाच्या पोरांना गणित शिकवायला लागली. आमच्या तन्वीकडून तिने पावकी-निमकीसकट पाढे पाठ करून घेतले. कार्टी आयरिश हेल काढून "बे एके बे" म्हणायची आणि सरला तिला चुकलं की पहिल्यापासून म्हणायला लावायची. अर्ध्यातून पुढे जायची मुभा नाही. गोविंद याच्या अगदी उलट. हेमचंद्रच्या हाताखाली टेस्टिंग करायचा आणि कुणी पायावर पाय दिला तर स्वतःच माफी मागायचा.

२००३ च्या ऑक्टोबरात सरलाला पाचवा महिना होता. स्कॅन करायला गेली आणि डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिला उठवून बसवलं. बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही, मेंदूही नाही. पोटात आहे तोवर वाढेल. बाहेर आलं की काही मिनिटं, फार तर काही तास. सरलाने विचारलं, यावर काय करायचं? डॉक्टर चांगला माणूस होता. म्हणाला, या देशात गर्भपाताला बंदी आहे, मला काहीही करता येत नाही. इंग्लंडमध्ये करतात. त्याची माहिती मी देऊ शकतो, पण तुमची अपॉइंटमेंट घेऊन देऊ शकत नाही, तसा कायदा आहे.

सरलाने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "मला हे बाळ हवं होतं, वहिनी. अजूनही हवंय. पण लोक पोटाकडे बघून कितवा महिना विचारणार, आणि मी हसून सांगणार, आणि पोटातलं मरणार आहे हे मला माहीत असणार. चार महिने हे मला नाही जमणार. मी जायचं ठरवलंय."

आयरिश बायका हजारोंनी जायच्या. शुक्रवारी विमानाने जायचं, रविवारी यायचं, कुणाला पत्ता नाही. भारतीय पासपोर्टला मात्र इंग्लंडचा व्हिसा लागायचा, आणि व्हिसाला कंपनीचं पत्र: हा माणूस आमच्याकडे कामाला आहे आणि परत येणार आहे, एवढंच. कंपनीत तळमजल्यावर एचआरची बाई बसायची. तिने दहा मिनिटांत काढून दिलं असतं. पण गोविंद तिच्याकडे गेला नाही. दादा असताना दादाला ओलांडून परस्पर पत्र मागायचं, हे त्याला उद्धटपणाचं वाटलं. आणि दादाकडे गेल्यावर खोटं कसं बोलायचं? म्हणून त्याने कारणही सांगितलं. आपल्या माणसांशिवाय ही चूक दुसरं कोणी करेल असं मला वाटत नाही.

हेमचंद्रने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तू टेन्शन घेऊ नको, लेटरचं मी बघतो."

आणि त्याने बघितलं. एचआरकडून पत्र घेतलं, घरी आणलं आणि आमच्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीवरच्या कपाटात, टॉवेलांच्या खाली ठेवून दिलं. गोविंदने विचारलं की म्हणायचा, अमेरिकेतल्या लीगलकडे अडकलंय. पुढच्या आठवड्यात. त्याच्या पुढच्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टॉवेल काढताना ते माझ्या हाताला लागलं. वर तारीख आठ ऑक्टोबर. मी ते घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. तो शांत होता, आणि त्याचा तो शांतपणा आठवला की मला अजून कापरं भरतं. "माधवी, आणखी थोडे दिवस गेले की तिला जाता येणार नाही," तो म्हणाला. "एक जीव वाचतोय. काही तासांचा का असेना."

हे त्याने ओहायोत उचललं होतं. त्यासाठी मला थोडं मागे जायला हवं. १९९६ साली आम्ही नागपूरला होतो. तन्वी दोन वर्षांची होती आणि मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. त्याच वर्षी सोनोग्राफीत मुलगा-मुलगी सांगायला कायद्याने बंदी आली. एका डॉक्टरने खुणेने सांगितलं. मुलगी. हेमचंद्रने दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊन टाकली, आणि ते उरकल्यावर संध्याकाळी मला घेऊन घरी आला तेव्हा वाटेत उसाचा रस पाजला. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आम्ही अमेरिकेत, ओहायोला गेलो; डब्लिन त्यानंतरचं. ऑफिसातली माणसं शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरात जमायची, गर्भपाताविरुद्ध. हेमचंद्र डोनट खायला म्हणून गेला आणि रमला. घरात गणपती बसायचाच, पण शनिवारी हा पाटी घेऊन दवाखान्याच्या बाहेर उभा. एकदा घरी आला तो रडून डोळे सुजलेले. त्याने त्या माणसांना नागपूरचं सांगितलं होतं. त्यांनी त्याला मिठीत घेतलं, प्रार्थना केली आणि सांगितलं की तुला क्षमा मिळाली. हे मला सांगताना तो इतका हलका झाला होता. मी पोळ्या लाटत होते. माझं पोट रिकामं केलं होतं आणि क्षमा तिकडे तळघरात परस्पर वाटली गेली, इंग्रजीत. त्या दिवसापासून त्याला बायका दिसेनाशा झाल्या, नुसती पोटं दिसायला लागली. स्वतःच्या पापाचं प्रायश्चित्त त्याला दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यायचं होतं, आणि त्याच्या हातात सरला सापडली.

हे सगळं मला त्या दिवशी हॉट प्रेससमोर उभी असताना कळत होतं. तरी मी पत्र टॉवेलांखाली परत ठेवलं. भीती होती, सवय होती, काय म्हणायचं ते म्हणा. मी मूग गिळून बसले.

पत्र गोविंदला मिळालं तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता आणि सरलाला सातवा लागला होता. सव्वीस आठवडे. साधी क्लिनिकं चोवीसनंतर घेत नव्हती. मोठ्या हॉस्पिटलांत घेतलं असतं, पण तिथे इथल्या डॉक्टरने सगळं ठरवून द्यायला लागायचं, आणि ते तर त्याला कायद्याने करता येत नव्हतं. सरला फोनवर फोन करत राहिली. व्हिसा आला तेव्हा नाताळच्या सुट्ट्या लागल्या होत्या. मग तिने फोन करणं थांबवलं.

त्यातच मंडळाच्या बायकांनी तिला सरप्राइज द्यायचं ठरवलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. हिरव्या बांगड्या, फुलांचे दागिने, पेढा-बर्फीच्या वाट्या घेऊन चौदा जणी डोहाळजेवणाला तिच्या दारात. मीही त्यात होते, मसालेभाताचं पातेलं धरून. सरलाने दार उघडलं, सगळ्यांना आत घेतलं, बसवलं आणि उभ्याने सांगितलं, "हे बाळ जगणार नाही. मला इंग्लंडला जायचं होतं, जमलं नाही. आता आणलंय ते जेवून जा, टाकू नका." आम्ही जेवलो. तिच्यासमोर पानात टाकायची कुणाची छाती झाली नाही.

फेब्रुवारीत मुलगी झाली. चाळीस मिनिटं होती. सरलाने तिचं नाव अबोली ठेवलं. गोविंद गाडी चालवण्याच्या अवस्थेत नव्हता, म्हणून शेजारच्या ब्रीडाने दोघांना दवाखान्यात नेलं होतं. ब्रीडा रोज चर्चला जाणारी म्हातारी. दोन वर्षांपूर्वी गर्भपाताच्या कायद्यावर झालेल्या मतदानात तिने चर्च सांगेल तिथे मत दिलं होतं, आणि ऑक्टोबरातच तिने सरलाला सांगितलं होतं, तुझ्या जागी मी असते तर गेले नसते. त्या चाळीस मिनिटांत बाळाला टोपी घालणारी तीच. मी नंतर एकदा म्हटलं, "तिचाही विरोधच होता की." सरला म्हणाली, "होता. तिने तोंडावर सांगितला."

एवढ्यावर थांबलं असतं तर सरलाला वाटलं असतं की नशीब फुटकं आणि कायदा वाईट. हेमचंद्रनेच थांबू दिलं नाही. त्याने ओहायोच्या मित्रांना कळवलं आणि त्यांच्या पत्रिकेत पानभर मजकूर आला: आयर्लंडमधल्या एका हिंदू आईने मृत्यू नाकारून जीवन निवडलं. तिकडे निवडणुकीचं वर्ष होतं, असा मजकूर त्यांना हवाच होता. त्याचं मराठी करून हेमचंद्रने मंडळाच्या सगळ्यांना ईमेल केलं. "आपल्या सरलाची निवड" असं वर लिहून. साठ घरांत गेलं. बायका रस्त्यात थांबवून तिचे हात हातात घ्यायला लागल्या. एकीने विचारलं, कुठून आणलंस गं इतकं मोठं मन?

"मी निवडलं नव्हतं," सरला मला म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक होता. "मी दुसरं निवडलं होतं. माझी पोर गेली, आता माझं तोंडही काढून घेतलं. मी काय ठरवलं होतं ते तरी माझं राहू द्या ना."

त्याच महिन्यात गोविंद रजेच्या कागदासाठी पहिल्यांदाच एचआरच्या बाईकडे गेला. ती सहज म्हणाली, तुमचं इंग्लंडचं लेटर तर मी ऑक्टोबरातच तुमच्या मॅनेजरला दिलं होतं. थेट आला असतात तर त्या दिवशीच दिलं असतं.

सरला सकाळी दहा वाजता माझ्या दारात आली. बसली नाही. "वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

मी सगळं सांगितलं. टॉवेल, तारीख, मी परत ठेवलं ते. मग नागपूर, उसाचा रस, ओहायो. काय म्हणून सांगितलं? तिला माझी कीव यावी म्हणून, दुसरं काय. तिला ती आली नाही.

"माधवी," ती म्हणाली. वहिनी गेलं आणि तुम्हीही गेलं, एका दमात. "तुझ्या हातात होतं ते पत्र. माझं घर आठ मिनिटांवर आहे. तुला मी माफ करणार नाही, ती आशा सोड. नागपूरचं तुझं तू बघ, ते मी वापरणार नाही, ते तुझं आहे. पण पत्र कुठे होतं हे तुझ्या नवऱ्याकडून मी वदवून घेणार. त्या साठ घरांसमोर. तोवर मी मरत नाही."

मला वाटलं ती तेव्हाच भांडण काढेल. नाही. ती सप्टेंबरपर्यंत थांबली. मंडळाचा गणपती ल्यूकनच्या एका चर्चच्या हॉलमध्ये बसायचा, भिंतीवर क्रूस आणि खाली मखर. त्या वर्षी अध्यक्षांचं व्याख्यान होतं, 'जन्माचा हक्क: अमेरिकेतली लढाई'. तरुण पोरांना अंताक्षरी हवी होती, पण दादांपुढे कोण बोलणार? व्याख्यानानंतर चिठ्ठ्यांचा रिवाज. प्रश्न लिहून डब्यात टाकायचे आणि वक्त्याने सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून उत्तरं द्यायची, एकही वगळायची नाही. हा नियम हेमचंद्रनेच केला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

तो छान बोलला, हे मान्य करते. पडद्यावर अमेरिकेचा लाल-निळा नकाशा, १९७३ चा गर्भपाताला परवानगी देणारा कोर्टाचा निकाल. एक बाजू म्हणते गर्भ हा माणूस, दुसरी म्हणते शरीर बाईचं, आणि तीस वर्षं देश मधोमध चिरलेला. शेवटी त्याने तिसऱ्या रांगेकडे हात केला. "आणि आपल्यातच एक आई बसली आहे, जिने या वादाचं उत्तर स्वतःच्या निवडीने दिलं." टाळ्या झाल्या. सरला हात मांडीवर ठेवून बसली होती.

पहिली चिठ्ठी. अमेरिकेतल्या बायकांचं स्वतःचं मत काय? त्याने उत्तर दिलं. दुसरी त्याने खणखणीत आवाजात वाचायला घेतली, "आठ ऑक्टोबर ते अठ्ठावीस नोव्हेंबर, गोविंदच्या कंपनीचं पत्र कुठे होतं?" वाचून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय वाचलं. "हा प्रश्न विषयाला धरून नाही," तो म्हणाला आणि पुढची काढली. तीच. त्याच्या पुढची, तीच. लोकांना आधी गंमत वाटली, मागे कुणीतरी हसलं. पाचव्या चिठ्ठीला हसू थांबलं. सरलाने चाळीस टाकल्या होत्या, अबोलीच्या प्रत्येक मिनिटाला एक, मास्तरणीच्या गोल अक्षरात.

"पुढची वाचा," सरला बसल्या जागेवरून म्हणाली. "नियम तुमचाच आहे, हेमचंद्र."

त्याने हात घातला आणि एक चिठ्ठी काढून बघतच राहिला. अक्षर माझं होतं. त्याने ती घडी करून खिशात टाकली.

मग मी उभी राहिले. खरं सांगते, आतून मला आनंद होत होता, आठ वर्षांचा साठलेला. "ती मी लिहिलीय, मीच सांगते," मी म्हटलं. "पत्र आमच्या घरी होतं. हॉट प्रेसमध्ये टॉवेलांखाली. यांनी लपवलं, आणि मी पाहून परत ठेवलं. सरलाने जायचं ठरवलं होतं. आणि ज्यांनी जीव वाचवला त्यांनी शहाण्णव साली नागपूरला मुलगी आहे म्हणून माझं पोट पाडून घेतलं, मला न विचारता. त्याची क्षमा त्यांना ओहायोत मिळालीय. मी अजून दिलेली नाही."

हेमचंद्र माईक धरून उभा होता. सरलाने मागे वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती त्याच्याकडे बघत होती. "तुम्ही बोला," ती म्हणाली. "ती बोलली त्याने माझं काम होत नाही."

"होतं," तो शेवटी म्हणाला. "पत्र माझ्याकडे होतं."

मला वाटलं झालं. रविवारी सकाळी बेल वाजली, तर सरला. हातात ओहायोच्या पत्रिकेचं ते पान. सरळ आत येऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि त्याला म्हणाली, "तिकडेही कळवायचंय. आत्ता. मी बसलेय."

त्याने कॉम्प्युटर उघडला. लिहिलं, कागदपत्रांना दुर्दैवाने उशीर झाला. सरलाने वाकून वाचलं. "उशीर झाला नाही. तुम्ही केला. खोडा, पहिल्यापासून लिहा. सुरुवात 'मी'ने करा." त्याने लिहिलं, मी पत्र काही काळ जवळ ठेवलं. "लपवलं." त्याने लपवलं लिहिलं. "तिने जीवन निवडलं, हे तुम्ही छापलंत ते खोटं आहे, असं लिहा. तिने इंग्लंडला जायचं निवडलं होतं. मी तिला जाऊ दिलं नाही." एकेक वाक्य ती पुन्हा मराठीत म्हणायला लावत होती. दीड तास लागला. मी चहा टाकला, तो तिने घेतला नाही. आज २००७ चालू आहे, मी तन्वीला घेऊन पोर्टलीशला वेगळी राहते, आणि सरलाने माझ्या हातचा चहा अजून घेतलेला नाही.

ईमेल गेलं. ते गेल्याचं सरलाने पडद्यावर स्वतः पाहिलं. हेमचंद्रने चष्मा काढला. तो एकाएकी म्हातारा दिसायला लागला होता.

"सरला, मला खरंच वाटत होतं की मी जीव वाचवतोय."

"माहितेय."

"मग आता तरी माफ कर."

सरलाने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"ओहायोत मागा," ती म्हणाली. "तिकडे लगेच देतात."